शौच : प्राचीन विद्यार्थ्याचा पहिला पाठ

सातव्या शतकाच्या शेवटच्या चरणात नालंदेच्या महाविहारात रोज सकाळी स्नानाची घंटा वाजत असे. घंटा झाली की भिक्षू आपापले स्नानवस्त्र घेऊन बाहेर पडत. कधी शंभर, कधी हजार माणसे एकाच वेळी निघत आणि चारी दिशांना पांगत. कारण विहाराच्या आसपास दहाहून अधिक मोठी तळी होती. स्नानवस्त्र पाच हात लांब आणि दीड हात रुंद असे. ते नेसूवरून गुंडाळावयाचे आणि मग आतले नेसू अलगद काढून घ्यावयाचे. आजही कोणत्याही नदीच्या घाटावर पंचा लावून धोतर सोडणारा माणूस हीच युक्ती योजतो. विवस्त्र स्नान करणे हे बुद्धाच्या शिकवणीविरुद्ध मानले जाई. स्नान जेवणाआधी, पोट रिकामे असताना करावे, जेवून करू नये, असा तेथला दंडक होता.

हे सारे आज ठाऊक आहे ते इत्सिंग नावाच्या एका चिनी भिक्षूमुळे. इसवी सन ६७१ मध्ये तो कँटनहून एका इराणी गलबतातून निघाला, सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात काही महिने राहून संस्कृत शिकला, आणि ६७३ मध्ये बंगालच्या ताम्रलिप्ती बंदरात उतरला. पुढे सुमारे दहा वर्षे त्याने नालंदेत अध्ययन केले. परतताना श्रीविजयेत मुक्काम असता त्याने भारतातील भिक्षुजीवनाचा वृत्तान्त चाळीस प्रकरणांत लिहिला आणि ६९२ मध्ये तो मायदेशी पाठवून दिला. ताकाकुसू या जपानी पंडिताने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८९६ मध्ये ऑक्सफर्डला छापले गेले. ह्युएनत्संगाच्या ग्रंथाची रंगत या वृत्तान्ताला नाही. राजे, स्तूप, चमत्कार यांपेक्षा इत्सिंगाचे लक्ष भलतीकडेच असे. दात कशाने घासतात, पिण्याचे पाणी कोणत्या भांड्यात ठेवतात, शौचकुटीत जाताना अंगावर काय असावे, बाहेर आल्यावर हात किती वेळा धुवावेत, अशा गोष्टी तो मन लावून लिहितो. इतिहासकार ही प्रकरणे बहुधा ओलांडून पुढे जातात. परंतु आईवडिलांपासून दूर, शेकडोंच्या समुदायात राहणाऱ्या तरुणाला स्वतःच्या देहाची रोजची निगा कोणी आणि कशी शिकविली, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आणि त्याचे उत्तर याच प्रकरणांत आहे.

हा विषय उच्चारताना मराठी माणूस अडखळतो. 'परसाकडे', 'बहिर्दिशेस' असे दिशादर्शक शब्द आपण वापरतो. 'शौच' या शब्दाचीही गंमत अशीच आहे. मूळ अर्थ शुचिता, निर्मळपणा. पुढे तो ज्या क्रियेनंतर निर्मळ व्हावयाचे त्या क्रियेलाच चिकटला, आणि मूळचा अर्थ धर्मग्रंथांपुरता उरला. प्राचीन ग्रंथकारांना हा संकोच नव्हता. ते अवयवांची नावे घेतात, मातीचे गोळे मोजतात, आणि हे सर्व कोवळ्या वयाच्या मुलांसाठी सांगतात.

बौद्ध संघापासूनच प्रारंभ करावा, कारण तेथे नियमाबरोबर नियमाचे कारणही नोंदलेले आहे. विनयपिटकातील कथा बुद्धाच्या हयातीत जशाच्या तशा घडल्या असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यांचे संकलन पुढे बराच काळ होत राहिले. तथापि संघाला कोणत्या अडचणी आल्या आणि त्याने त्या कशा सोडविल्या याची ती प्रामाणिक आठवण आहे. धर्मानंद कोसंबी या गोव्याच्या पंडिताने 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकात विनयातील बरेचसे नियम मराठीत आणले. त्यांची लेखणी साधी आहे आणि ती कुठे लाजत नाही.

राजगृहातील सतरा मुलांची कथा प्रसिद्ध आहे. उपाली नावाच्या मुलाच्या आईबापांना वाटले की आपल्यामागे मुलाने कष्ट न करता सुखाने जगावे. लेखन शिकविले तर बोटे दुखतील, गणित शिकविले तर छाती दुखेल, म्हणून त्याने भिक्षू व्हावे हे बरे! मुलगा आपले सोबती घेऊन संघात गेला आणि सगळ्यांना उपसंपदा मिळाली. रात्र सरता सरता ही मुले उठून पेज मागू लागली, रडू लागली, आणि अंथरुणे घाण करू लागली. बुद्धाच्या कानावर तो गलका गेला. त्याने मुलांना दोष दिला नाही. उपसंपदा देणाऱ्या थोरांना मात्र खडसावले आणि वीस वर्षांखालील तरुणास पूर्ण भिक्षू करू नये असा नियम घातला. त्याहून लहान मुले श्रामणेर म्हणून राहू शकत. त्यांच्यासाठी पंधरा वर्षांची मर्यादा होती. निराधार मुलाच्या बाबतीत तीही सैल करून, कावळे हाकलण्याइतका मोठा असला तरी पुरे, असे ठरले.

तरुणांच्या देहाविषयी संघाला काय काय सोसावे लागले याचे आणखी एक प्रकरण विनयात आहे. सुग्रास भोजन करून झोपलेल्या भिक्षूंची शय्या स्वप्नावस्थेतील स्खलनाने डागाळलेली असे. आनंदाला बरोबर घेऊन विहार पाहत फिरताना बुद्धाच्या दृष्टीस ते पडले. आनंदाने काय झाले ते सरळ सांगितले. जागरूक चित्ताने झोपणाऱ्याला असे होत नाही, असा उपदेश बुद्धाने केला खरा. पण तेवढ्यावर न थांबता त्याने देह, चीवर आणि शय्या यांच्या रक्षणासाठी 'निसीदन' नावाचे आंथरण्याचे वस्त्र वापरण्याची अनुज्ञा दिली. ते अपुरे पडते असे कळल्यावर हवे तेवढे मोठे आस्तरण घ्यावे असेही सांगितले. बुद्धिपूर्वक केलेले स्खलन हा संघात गंभीर अपराध होता. स्वप्नातील स्खलन मात्र त्या नियमातून स्पष्टपणे वगळलेले आहे. हजार वर्षांनंतर इत्सिंगाला नालंदेत हे निसीदन वापरात दिसले. संघाच्या शय्येवर निजताना ती मळू नये म्हणून ते अंथरावयाचे, हा त्याचा मूळ उपयोग त्याने बजावून सांगितला. कारण चीनमधील भिक्षू त्यावर बसून नमस्कार घालू लागले होते.

ब्राह्मणांच्या गुरुकुलातही हाच प्रश्न होता. मनुस्मृती सांगते की ब्रह्मचाऱ्याचे इच्छेविना स्वप्नात स्खलन झाले तर त्याने स्नान करावे, सूर्याची पूजा करावी आणि एक ठरलेली ऋचा तीन वेळा म्हणावी. तेथे स्नान आणि जप, येथे धुता येईल असे कापड. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. मुलाला काय करावयाचे ते अगोदर सांगून ठेवलेले आहे. पहाटे उठून तो एकटाच भयभीत होऊन बसत नाही. विसाव्या शतकात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून याच गोष्टीची भीती घालून किती तरुणांचे पैसे उकळले गेले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शांतपणाचे मोल कळेल.

विनयातील शौचकुटीचे नियम वाचताना तर एखाद्या दक्ष वसतिगृहप्रमुखाची आठवण होते. प्रारंभी भिक्षू आरामात कुठेही लघवीला बसत आणि दुर्गंधी सुटे. म्हणून एका बाजूस जागा ठरली, मग भांडे आले, पाय ठेवण्यास उंचवटे आले, आडोशाला विटेची, दगडाची वा लाकडाची भिंत आली. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक भिक्षू मलोत्सर्गानंतर पाणी घेत नसे. असल्या ओंगळ गोष्टीला हात कोण लावील, असे तो म्हणे. त्याच्या गुदाशी किडा राहू लागला. सोबत्यांनी विचारले तेव्हा प्रकार उघड झाला, आणि पाणी उपलब्ध असता न धुणे हा दोष ठरला. ज्याला किळस म्हणतात ती स्वच्छतेची मैत्रीण असतेच असे नाही, हे या कथेतून दिसते. त्या भिक्षूची किळस खरी होती. तिनेच त्याला घाण ठेवले.

शौचकुटीत शिरण्यापूर्वी बाहेरच्याने खोकावे, आत असलेल्याने उलट खोकून उत्तर द्यावे. चीवर काढून दांडीवर किंवा दोरीवर ठेवावे. घाईने शिरू नये; पाय ठेवण्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय वस्त्र वर घेऊ नये. कुंथू नये. दातवण चावीत बसू नये. खरखरीत काटकीने पुसू नये. धुताना पाण्याचा चुबुकचुबुक आवाज करू नये, आणि भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवून येऊ नये. कुटी घाण झालेली दिसली तर धुवावी, परिसर अस्वच्छ असेल तर झाडावा, पाण्याचा डेरा रिकामा असेल तर भरावा. शेवटचे तीन नियम विशेष आहेत. घाण कोणाची हे विचारलेले नाही. जो पाहील त्याने धुवावी.

त्याहून मोठा न्याय रांगेच्या बाबतीत झाला. संघात सर्व काही ज्येष्ठतेनुसार चाले. आसन, भोजन, नमस्कार, सगळे वर्षांच्या हिशेबाने. तोच क्रम शौचकुटीलाही लागू झाला. नवखे भिक्षू आधी येऊन उभे राहात, थोर भिक्षू मागून येऊन पुढे जात. वेग आवरून धरता धरता ही पोरे मूर्च्छा येऊन पडत. बुद्धाने विचारले, हे खरे काय? खरे आहे, असे उत्तर आले. तेव्हापासून शौचकुटीत येण्याच्या क्रमाने जावे असा नियम झाला. ज्येष्ठतेच्या त्या कडक व्यवस्थेत देहाच्या गरजेसाठी ही एक फट ठेवली गेली. चरकसंहितेत तर न आवरण्याजोग्या तेरा वेगांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. मूत्र आणि मल यांचे वेग रोखल्याने काय काय बिघडते त्याची यादी वैद्याने तेथे दिली आहे.

स्नानाची कथा थोडी वेगळी. राजगृहाजवळ तपोदा नावाचे उष्ण पाण्याचे झरे होते. बिहारमधील राजगीर येथे ते आजही वाहतात. मगधाचा राजा बिंबिसार डोके धुण्यासाठी तेथे गेला आणि भिक्षूंची स्नाने आटोपेपर्यंत ताटकळत राहिला. रात्र पडली, नगराचे दरवाजे बंद झाले. या प्रसंगानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये असा नियम निघाला. पण उन्हाळा, आजार, कष्टाचे काम, प्रवास, वादळपाऊस अशी अपवादांची रांग त्याला लगेच जोडावी लागली. पुढे अवंतीच्या दक्षिण भागातून सोण नावाचा भिक्षू आपल्या गुरूचा, महाकात्यायनाचा, निरोप घेऊन आला: आमच्याकडचे लोक स्नानाला फार महत्त्व देतात, पाण्याने शुद्धी मानतात. तेव्हा मध्यदेशाबाहेरच्या सर्व प्रांतांत नित्य स्नानाची मोकळीक मिळाली. दक्षिणेच्या उकाड्यात पंधरवड्याचे स्नान टिकणे शक्यच नव्हते. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात ठिकठिकाणी लेण्यांशेजारी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि ती दान देणाऱ्यांची नावे अभिमानाने कोरलेली आहेत.

त्वचारोगांचाही विचार झालेला आहे. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना अंगभर खरूज झाली. तिच्या लसीने चीवरे अंगाला चिकटत, आणि भिक्षू पाणी लावून लावून ती सोडवीत. बुद्धाने ते पाहून बेंबीखालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत येईल असे आतून नेसण्याचे एक वस्त्र अशा रोग्यांसाठी मान्य केले, आणि त्याचे मापही ठरवून दिले. गुह्यभागाचे केस काढू नयेत असा नियम होता, पण तेथे व्रण होऊन मलम बसत नसेल तर काढावेत, अशी सूट होती. चैनीला बंदी आणि रोगाला मोकळीक, हे सूत्र विनयात सर्वत्र दिसते.

आता गुरुकुलाकडे वळावे. मनूच्या मते उपनयन झालेल्या शिष्याला गुरूने प्रथम शौच शिकवावे. आचार, अग्निकार्य आणि संध्या त्यानंतर. वेदाचा पहिला मंत्र उच्चारण्याआधी मुलगा हात धुण्यास शिकत असे. हे शिक्षण मोजमापाचे होते. मलमूत्रोत्सर्गानंतर जननेंद्रियास एक वेळ माती लावून धुवावे, गुदद्वारास तीन वेळा, डाव्या हातास दहा वेळा, दोन्ही हातांस मिळून सात वेळा. हा हिशेब गृहस्थाचा. ब्रह्मचाऱ्याने याच्या दुप्पट, वानप्रस्थाने तिप्पट आणि यतीने चौपट करावे. म्हणजे बारा वर्षांच्या बटूच्या डाव्या हाताला वीस वेळा माती लागे! घरातल्या बापापेक्षा गुरुकुलातल्या मुलावर दुप्पट भार का, याचे कारण स्मृतिकार देत नाही. अनेकांनी एकत्र राहण्याच्या जागी अधिक सावधपणा हवा, हा अनुभव त्यामागे असावा असे मानण्यास हरकत नाही; पण ते अनुमानच.

आकड्यांच्या या जंजाळात एक फार शहाणे वाक्य मनूनेच त्याआधी लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा की पदार्थाला लागलेल्या अमंगळाचा वास आणि लेप जोवर जात नाही तोवर माती आणि पाणी वापरीत राहावे. वास आणि लेप ही खरी कसोटी. आकडे हे तिथवर पोहोचण्याचे साधन. दक्षस्मृतीने तर दिवसाच्या निम्मे शौच रात्री, त्याच्या निम्मे आजारात आणि त्याच्याही निम्मे प्रवासात पुरे, अशी उतरंड लावली. पुराणांनी वारुळाची, उंदराच्या बिळातील किंवा दुसऱ्याच्या शौचातून उरलेली माती घेऊ नये असे सांगितले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सारी वचने एकत्र केली आहेत. ती वाचताना जाणवते की कसोटी मागे पडून आकडेच पुढे येत गेले.

ब्रह्मचाऱ्याच्या स्नानालाही शिस्त होती. तेल, उटणे, काजळ, जोडे, छत्री ही त्याला वर्ज्य. आपस्तंब म्हणतो की त्याने पाण्यात मौज करीत नाहू नये, दांडक्यासारखे तरंगावे. नदीच्या पाण्यात उतरलेल्या पोरांनी हा नियम कितपत पाळला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल. ही कोरडी वर्षे संपली की समावर्तन, म्हणजे ज्याला मराठीत सोडमुंज म्हणतात ते, येई. पारस्कर गृह्यसूत्रात या दिवशी आठ घागरींच्या पाण्याने स्नान सांगितले आहे. उंबराचे दातवण, क्षौर, सुगंधी चूर्ण, नवे वस्त्र, छत्री, जोडे, सगळे त्या दिवशी एकदम मिळे. त्या स्नानावरून तरुणाला 'स्नातक' म्हणत. विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याला आपण आजही तोच शब्द लावतो. त्यातले पाणी मात्र आटून गेले.

वैद्यांची भाषा याहून मोकळी. पाय आणि मलमार्ग वारंवार धुण्याने बुद्धी, पावित्र्य आणि आयुष्य वाढते, असे चरक दिनचर्येत म्हणतो. सुश्रुताने उपदंश नावाच्या जननेंद्रियाच्या रोगाची कारणे देताना दूषित पाण्याने धुणे आणि संगानंतर न धुणे यांचाही समावेश केला आहे. शिस्नाग्रावरील त्वचा आकसून मूत्राची धार अडविते त्या विकाराला त्याने 'निरुद्धप्रकश' म्हटले. त्यासाठी शस्त्र उगारण्याची त्याला घाई नाही. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही बाजूंनी उघडी नळी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी जरा जाड नळी घेत वाट रुंद करीत न्यावी, असा उपाय तो सांगतो. चोळण्याने किंवा दाबण्याने ही त्वचा मागे सरून अडकली तर तूप लावून शेकावे, काही रात्री बांधून ठेवावे आणि मग हळूहळू ती पुढे आणावी. जबरदस्ती कुठेच नाही. आजचे डॉक्टर मुलांना हेच सांगतात: त्वचा ओढू नये, सहज मागे जाईल तेवढीच घ्यावी, साध्या पाण्याने हळुवार धुवावे आणि कोरडे करावे. परंतु ते सांगावयास डॉक्टरपर्यंत जावे लागते. आणि तरुण मुले तिथवर जाण्यास लाजतात.

नालंदेत लाजण्याचे कारण उरलेले नव्हते, कारण सगळेच उघड आणि सगळ्यांना सारखे होते. इत्सिंगाच्या काळी तेथे तीन हजारांवर भिक्षू राहात. त्यांच्यात काही पांढऱ्या वस्त्रांतील मुलेही होती. प्रव्रज्या घेण्याच्या इराद्याने आलेल्यांना 'माणव' आणि केवळ विद्येसाठी आलेल्यांना 'ब्रह्मचारी' म्हणत. शौचाला जाताना खाली स्नानवस्त्र आणि वर खांद्यावरचे वस्त्र एवढेच अंगावर असे. तांब्या भरून घ्यावा, आत जाऊन दार लावावे. बाहेर हातभर लांब आणि अर्धा हात रुंद अशा विटेवर किंवा फळीवर बारीक केलेल्या मातीचे चौदा ढीग सातसाताच्या दोन ओळींत मांडलेले असत. आणखी तीन गोळे आत न्यावयाचे, अंग घासून धुण्यासाठी. बाहेर आल्यावर पहिल्या ओळीतील मातीने एकेक करून सात वेळा डावा हात, दुसऱ्या ओळीतील मातीने सात वेळा दोन्ही हात. मग ती वीट, तो तांब्या, हात आणि पाय धुवावयाचे. एवढे केल्यावाचून संघाच्या आसनावर बसू नये, त्रिरत्नाला वंदन करू नये.

पाण्याची भांडी दोन. पिण्याचे मातीचे किंवा चिनी मातीचे, शौचाचे तांब्याचे किंवा लोखंडाचे. आणि त्यांची कधी सरमिसळ होता कामा नये. दातवण बारा अंगुळे लांब, निदान आठ, करंगळीएवढे जाड. एक टोक बराच वेळ चावून मऊ करावे, दात घासावे, मग तेच चिरून वाकवून जीभ खरवडावी. जेवण झाल्यावर तोंड धुतल्याशिवाय कोणी कोणास शिवत नसे. मराठी घरातील सोवळे-ओवळे, उष्टे-खरकटे यांची आठवण यावी असेच हे सारे आहे. चिनी लोक दातवणाला विलोची फांदी समजत; इत्सिंगाने नालंदेतील ते झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, ते विलो नव्हे, असे ठासून लिहिले.

हे शिक्षण देणारा गुरू दूर उच्चासनावर नसे. शिष्य गुरूजवळ दातवण, पात्र, पाणी आणि हात पुसण्याचे वस्त्र नेऊन ठेवी, त्याचे अंग रगडी, खोली झाडी, पाण्यात जीवजंतू नाहीत ना ते पाही. आणि शिष्य आजारी पडला तर गुरू स्वतः त्याची शुश्रूषा करी, औषधे पुरवी, पोटच्या मुलासारखी काळजी घेई. देहाची सेवा दोन्ही बाजूंनी होत असे. ज्याने आपल्या हातांनी गुरूचे पाय रगडले त्याला स्वतःच्या मांडीतील गजकर्ण गुरूला दाखविण्यास फारसे अवघड गेले नसेल.

इत्सिंगाला या सगळ्याचे मोठे कौतुक. चीनमध्येही अशी शौचस्थाने बांधावीत, अशी शौचविधीची शिस्त लागावी, म्हणून तर त्याने ग्रंथ लिहिला. त्या कौतुकात भारतीयांचा गर्वही त्याने सहज नोंदला आहे. उत्तरेकडून आलेले परदेशी दूत शौचानंतर पाणी घेत नाहीत म्हणून येथील लोक त्यांना हसत आणि तुच्छ लेखीत, असे तो सांगतो. शिष्याचा पहिला पाठ इथे दुसऱ्याला मोजण्याची काठी झाला होता.

आणि खरी काठीही त्याच ग्रंथात आहे. विष्ठेचा औषध म्हणून उपयोग करणाऱ्या चिनी वैद्यांवर टीका करताना इत्सिंग भारताचा दाखला देतो. तो म्हणतो की भारतात मैला काढणारी आणि घाण उपसणारी माणसे रस्त्याने जाताना काठी वाजवीत जातात, म्हणजे ती कोण हे लोकांना कळावे; आणि चुकून कोणाचा त्यांना स्पर्श झाला तर तो माणूस स्वतः न्हातो आणि आपली वस्त्रे धुतो. त्याच्या आधी अडीचशेहून अधिक वर्षे फाहियान या दुसऱ्या चिनी यात्रेकरूनेही नगरात शिरताना लाकूड वाजविणाऱ्या चांडालांविषयी असेच लिहिले होते. इत्सिंगाला यात काही वावगे वाटले नाही. भारतीय घाणीला किती जपतात याचा तो पुरावा म्हणून हे देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

कुटी घाण दिसली तर पाहणाऱ्याने धुवावी, असे सांगणारा विनय त्याला पाठ होता. विनयाचे अनेक ग्रंथ त्याने पुढे स्वतः चिनी भाषेत उतरविले. ६९५ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा लोयांगच्या वेशीपाशी सम्राज्ञी वू स्वतः त्याला सामोरी गेली. त्याच्याबरोबर सुमारे चारशे संस्कृत पोथ्या होत्या. ७१३ मध्ये तो वारला. नालंदेचे उत्खनन १९१५ च्या सुमारास सुरू झाले तेव्हा मातीखालून विहारांची अंगणे, विहिरी आणि सांडपाण्याच्या विटांनी बांधलेल्या मोऱ्या निघाल्या. मोऱ्यांचे उतार अजून नीट दिसतात.